सहजीवनाचा अभ्यास : कोल्हापूरच्या निमित्ताने काही विचार

सामाजिक शास्त्रांच्या बाबतीत आपल्याकडे एक विचित्र स्थिती आहे. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र हे विषय महाविद्यालयांत शिकवले जातात, त्यांच्या पदव्या दिल्या जातात, त्यांत प्रबंध लिहिले जातात. परंतु समाजात प्रत्यक्ष तणाव निर्माण झाला की या विषयांचे कोणी नावही काढत नाही. तेव्हा शांतता समितीची बैठक होते, सद्भावना फेरी निघते, संतांची आणि समाजसुधारकांची नावे घेतली जातात. हे सारे आवश्यकच आहे. परंतु त्यामागे एक गृहीत दडलेले असते. सहजीवन ही संस्कारांची बाब आहे, ती आपल्या मातीतच आहे, ती काही शिकण्याची किंवा तपासण्याची गोष्ट नव्हे, असे ते गृहीत. प्रस्तुत लेखात या गृहीताची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी कोल्हापूरचे उदाहरण घेतले आहे, कारण या गृहीताचा आधार कोल्हापूर जितका घेते तितका दुसरे एखादे शहर क्वचितच घेत असेल.

'ही शाहूंची नगरी आहे' हे वाक्य कोल्हापुरात भाषणात, अग्रलेखात, महाविद्यालयीन स्नेहसंमेलनात आणि गणेश मंडळाच्या फलकावर सारख्याच सहजतेने येते. ते खोटे नाही. परंतु ७ जून २०२३ रोजी याच नगरीत समाजमाध्यमावरील स्टेटसचे निमित्त होऊन बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला आणि इंटरनेट सेवा थांबवावी लागली. पुढच्याच वर्षी, १४ जुलै २०२४ रोजी, विशाळगडावरील अतिक्रमणांच्या प्रश्नावरून जमलेल्या जमावातील लोकांनी गडाच्या वाटेवरील गजापूर येथे मुसलमान कुटुंबांच्या घरांवर व मशिदीवर हल्ला केला. दोन्ही वेळा 'हे आमचे कोल्हापूर नव्हे' अशी प्रतिक्रिया उमटली. तिच्यातील वेदना खरी होती. परंतु या वाक्याने होते असे, की जेथे प्रश्न सुरू व्हावयास हवा तेथे तो संपतो. जे घडले ते बाहेरचे, अपवादात्मक, आपले नसलेले ठरते आणि मग ते समजून घेण्याची जबाबदारीही आपली उरत नाही. वास्तविक ते कोल्हापूरच होते. आपल्याला माहीत नसलेले कोल्हापूर होते, एवढेच फार तर म्हणता येईल.

ज्यांच्या नावाने आपण हा वारसा सांगतो त्या राजर्षी शाहू महाराजांची कार्यपद्धती पाहिली, तर तीत केवळ सद्भावनेवर विसंबणे फारसे आढळत नाही. १८९४ साली त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली तेव्हा दरबारच्या सामान्य प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. हा आकडा आपण आज सहज उद्धृत करतो. परंतु त्याचे महत्त्व त्याच्या मोजणीत आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. कारभारात कोण आहे आणि कोण नाही, हा प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर अंदाजाने न देता पदे मोजून देणे, ही समाजविज्ञानाची पहिली कृती होय. २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात रिक्त होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा जो हुकूम निघाला, त्याच्या पाठीशी ही मोजणी होती. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यातही शिक्षणावरचा पैसा कोणाकडून येतो आणि शिक्षण कोणाला मिळते, असाच हिशोब मांडलेला होता. समतेची आपली परंपरा ही अशी हिशोब मागणारी परंपरा आहे. तिच्यातील करुणा आपण स्मरणात ठेवली आणि हिशोब विसरलो.

वसतिगृहांचा इतिहास याहूनही अधिक बोलका आहे. १८९६ मध्ये महाराजांनी राजाराम महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. ते सर्व जातींसाठी खुले होते. तत्त्व म्हणून यापेक्षा आदर्श रचना कोणती असणार? परंतु अल्पावधीतच ते व्यवहारात ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरते उरले. प्रवेशाला कोणतीही बंदी नसताना इतर जातींची मुले तेथे टिकू शकली नाहीत. कायदा आणि नियम यांनी दार उघडे ठेवले तरी पंगत, पाणी, सोवळेओवळे आणि व्यवस्थापकाची नजर यांनी ते बंद होऊ शकते, हे त्या प्रयोगातून दिसून आले. येथे एखादा शासक 'लोकांची मने अजून तयार नाहीत' असे म्हणून थांबला असता. महाराजांनी अपयशाचे कारण रचनेत शोधले. १९०१ मध्ये मराठा वसतिगृह आणि जैन वसतिगृह उभे राहिले. त्यानंतर मुस्लिम बोर्डिंग (१९०६), अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह (१९०८), शिवाय लिंगायत, नामदेव शिंपी, पांचाळ, सारस्वत अशा अनेक समाजांची वसतिगृहे झाली. जागा आणि अनुदान दरबारचे, व्यवस्थापन व वर्गणी त्या त्या समाजाची, अशी साधारण पद्धत होती. शहरात एकत्र शिकता यावे म्हणून आधी वेगवेगळे राहण्याची सोय करावी लागली. ही गोष्ट तर्काला उलटी वाटते. परंतु निरीक्षणातून आलेली असल्यामुळे ती लागू पडली.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा. जातवार वसतिगृहांनी जात पक्की केली, प्रत्येक जातीला तिची इमारत, तिचा निधी आणि तिचे पुढारी मिळवून दिले, असा तो आक्षेप आहे. यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. ज्या संस्थेने एका पिढीला खेड्यातून शहरात आणले आणि वर्गात इतरांच्या शेजारी बसवले, तीच संस्था तिसऱ्या-चौथ्या पिढीत जातीच्या संघटनेचे कार्यालय होऊ शकते. परंतु असे कोठे झाले, कोठे झाले नाही, कोणत्या वसतिगृहाची दारे कालांतराने सर्वांना उघडी झाली आणि ती कोणाच्या निर्णयाने, याचे उत्तर भूमिका घेऊन मिळत नाही. त्यासाठी प्रवेशनोंदी, हिशोबवह्या, इतिवृत्ते आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती पाहाव्या लागतात. शाहू जयंतीच्या भाषणांत वसतिगृहांचा उल्लेख अनिवार्य झालेला आहे. त्या वसतिगृहांतील जीवनाचा अभ्यास मात्र त्या मानाने फारच थोडा झालेला आहे. समर्थक आणि आक्षेपक दोघेही एका न वाचलेल्या ग्रंथावर वाद घालत आहेत, असे या वादाचे स्वरूप झाले आहे.

सहजीवनाच्या अभ्यासात कायद्याइतकेच सवयींना महत्त्व असते. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने यांत अस्पृश्यांना समान वागणूक द्यावी, असे हुकूम करवीर दरबारने १९१९ मध्ये काढले. त्याच सुमारास अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा निर्णय झाला. परंतु याच महाराजांनी गंगाराम कांबळे यांना शहरात चहाचे हॉटेल काढून दिले आणि लवाजम्यासह तेथे थांबून ते चहा घेत असत, ही हकीकतही प्रसिद्ध आहे. पाण्याला स्पर्श केला म्हणून दरबारातील ज्या नोकराला मारहाण झाली होती, त्याच्याच हातचा चहा मग प्रतिष्ठितांना घ्यावा लागला. आपण ही कथा राजाच्या मोठेपणाची म्हणून सांगतो. ती तशी आहेच. परंतु तिच्यातील समाजशास्त्र अधिक सूक्ष्म आहे. स्पर्शाचा विटाळ हा विचार म्हणून खोडता येतो, परंतु तो शरीरात सवय म्हणून मुरलेला असतो आणि सवय मोडण्यासाठी दुसरी सवय लागते. रोजच्या वापरातील, पैसे देऊन घेतलेला, सर्वांदेखत प्यायलेला चहा ही अशी दुसरी सवय होती. कोणत्या जागी लोक एकत्र येतात, तेथे काय खातात-पितात, कोण वाढतो आणि कोण भांडी घासतो, हे प्रश्न क्षुल्लक नाहीत.

या संदर्भात दोन तारखा जवळजवळ ठेवून पाहाव्यात. मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राच्या एका परिसंवादवर्गात, पंचविशीतील भीमराव आंबेडकर यांनी भारतातील जातींची घडण, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. विवाहाच्या नियमनातून जात कशी बंदिस्त होते, याचे विश्लेषण त्यात होते. त्यानंतर चार वर्षेही झाली नव्हती, तोच मार्च १९२० मध्ये, आजच्या हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते आणि शाहू महाराज तेथे उपस्थित होते. परिसंवादवर्गातील निबंध आणि माणगावचा मांडव यांत अंतर प्रचंड आहे. परंतु एकाच माणसाने ते पार केले आणि त्याला पहिल्याचा उपयोग दुसऱ्या ठिकाणी झाला. जात ही ईश्वरी नसून माणसांच्या व्यवहारांनी घडलेली आहे, हे अभ्यासाने सिद्ध करता आले तरच ती माणसांच्या व्यवहारांनी मोडता येईल, असे ठामपणे सांगता येते. येथे अभ्यास आणि मुक्ती या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत.

ही परंपरा पुढेही चालू राहिली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. त्यांनी शाळा, वसतिगृहे चालविली आणि देशभर हिंडून माहितीही गोळा केली. त्या श्रमांतून १९३३ मध्ये 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा मराठीतील मोलाचा समाजशास्त्रीय ग्रंथ सिद्ध झाला. कोल्हापूर जिल्ह्यातीलच बहिरेवाडीचे जे. पी. नाईक (१९०७-१९८१) हे याच वाटेवरचे दुसरे नाव. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता; पुढे १९६४ ते १९६६ या काळात ते कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते आणि १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली तेव्हा तिचेही पहिले सदस्य-सचिव झाले. देशातील सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला आधार देणारी सर्वोच्च संस्था उभारणारा माणूस आजरा तालुक्यातील एका खेड्यातून आलेला होता, हे कोल्हापुरातील किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल? शिक्षणातील समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा मेळ बसविणे किती दुष्कर आहे, यावर त्यांनी १९७५ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. आपल्या महाविद्यालयांची आजची अवस्था समजून घेण्यास ते अजूनही उपयोगी पडते. या मंडळींना समाजसुधारक किंवा शिक्षणतज्ज्ञ म्हणून गौरविताना त्यांच्यातील अभ्यासक आपण बाजूला ठेवतो आणि मग सुधारणा ही केवळ धैर्याची गोष्ट होऊन बसते.

येथपर्यंत सुधारणेचा विचार झाला. परंतु सहजीवनाचे सर्व प्रकार सुधारकांनी निर्माण केलेले नाहीत. शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड येथे गणेशोत्सवात पाच मशिदींमध्ये गणपतीची प्रतिष्ठापना होते. कोल्हापूर शहरात मोहरमला तालमींतून पंजे बसतात आणि त्यांत हिंदू कुटुंबांचा सहभाग असतो. तालीम ही येथे कुस्तीची जागा आहे, पेठेची ओळख आहे आणि फुटबॉलचा संघही आहे. वर्तमानपत्रांत दरवर्षी या गोष्टींवर 'ऐक्याचे अनोखे दर्शन' अशा मथळ्याखाली बातमी येते आणि पुढच्या वर्षापर्यंत विषय मिटतो. 'अनोखे' हा शब्दच येथे अडचणीचा आहे. जे अनोखे असते ते पाहावयाचे असते, समजून घ्यावयाचे नसते. मशिदीत गणपती बसविण्याचा निर्णय कोण घेते? मंडळाच्या सभासदांत कोण कोण असते? वर्गणी, प्रसाद, मिरवणुकीचा मार्ग आणि नमाजाची वेळ यांचा मेळ कसा घातला जातो? वाद झालाच तर तो कोणाकडे जातो आणि त्याचा शब्द का मानला जातो? बायकांचा यात वाटा काय असतो? या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर कुरुंदवाडचे वैशिष्ट्य चमत्कार राहणार नाही. ती एक चालती व्यवस्था म्हणून दिसू लागेल. आणि व्यवस्थेचे दुबळे सांधे ओळखता येतात, ते वेळेवर दुरुस्त करता येतात. चमत्काराच्या बाबतीत तसे करता येत नाही.

तालमींच्या संदर्भात हा मुद्दा अधिक तातडीचा आहे. पेठेतील तरुणाला पूर्वी ओळख मिळत होती ती पेठेची आणि तालमीची. एका पेठेत अनेक जातींची, धर्मांची घरे असत आणि प्रतिस्पर्धी म्हणजे दुसऱ्या पेठेतील संघ असे. शहर उपनगरांतून पसरले, घरे फ्लॅटमध्ये गेली, मोबाइलच्या पडद्यावर पेठेपेक्षा फार मोठी आणि फार सोपी ओळख तयार मिळू लागली. २०२३ च्या जूनमधील त्या सकाळी चौकात जमलेल्या तरुणांपैकी कितीजण कोणत्या तालमीशी बांधलेले होते आणि कितीजण कशाशीच बांधलेले नव्हते, हा प्रश्न कोणी पद्धतशीरपणे विचारावयास नको काय? ओळखीची ही अदलाबदल खरोखर झाली आहे की हा केवळ आपला स्मरणरंजनाचा भाग आहे, हेही तपासावे लागेल. अभ्यासाची एक अट अशी, की आपल्याला गैरसोयीचे उत्तर येण्याची शक्यता आधीच मान्य करावी लागते. जुन्या पेठांचे सहजीवन आपण समजतो तितके समान नव्हते, त्यातही कोणाला तरी दाराबाहेर थांबावे लागत होते, असे उत्तर आले तर तेही लिहावे लागेल.

कुरुंदवाडच्या परिसरातीलच हेरवाड या गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली. पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या गोष्टी गावात होऊ नयेत, असा तो ठराव होता. महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या आठवड्यात झालेला हा निर्णय राज्यभर गाजला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचा आदर्श घ्यावा असे परिपत्रक काढले. एका गावाचा निर्णय दोन आठवड्यांत राज्याचे धोरण होतो, ही घटना साधी नव्हे. करोनाच्या काळात अकाली विधवा झालेल्या स्त्रियांचे दुःख तिच्या पाठीशी होते. परंतु ठराव ग्रामसभेत होतो आणि प्रथा घरात पाळली जाते. सासू, जाऊ, भावकी, हळदीकुंकवाचे आमंत्रण, लेकीच्या लग्नात पुढे उभे राहण्याचा अधिकार, जमिनीच्या उताऱ्यावरील नाव, या ठिकाणी ठरावाचे काय झाले? ज्या गावांनी असे ठराव केले त्यांपैकी कोणत्या गावांत तो टिकला आणि कशामुळे? सत्कार झाला, बातम्या झाल्या. आता दहा-पंधरा वर्षे चिकाटीने नोंदी ठेवणारा अभ्यासक हवा. तो जवळच्या महाविद्यालयातून आला नाही तर कोठून येणार?

या ठिकाणी साहित्याचा अभ्यासक विचारील, की हे सारे समाजशास्त्राच्या विभागाने करावे. आमचा याच्याशी काय संबंध? माझ्या मते संबंध अगदी निकटचा आहे. आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीचे उदाहरण घ्यावे. मालकाच्या मळ्यावर राबणारा नारबा, त्याचा जनावरांशी जडलेला जिव्हाळा आणि ट्रॅक्टरच्या आगमनाने तुटत जाणारे त्याचे जग हे आपण बोलीभाषा, प्रतिमासृष्टी आणि निवेदनपद्धती यांच्या अंगाने शिकवतो. ते योग्यच आहे. परंतु कागलच्या परिसरात सालगड्याचा व्यवहार कसा असे, ऊस आणि पाणी यांनी शेतीचे गणित कसे बदलले, यंत्र आल्यावर निघालेला मजूर कोठे गेला, हे ठाऊक नसलेला विद्यार्थी नारबाचे दुःख एका भाबड्या माणसाचे वैयक्तिक दुःख म्हणून वाचतो. उलट शेतीच्या यांत्रिकीकरणाची आकडेवारी पाठ असलेल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने 'गोतावळा' वाचलेली नसेल, तर बैल विकला जातो तेव्हा आणखी काय विकले जाते, हे त्याच्या कोष्टकात कधीच येणार नाही. दोघांचेही ज्ञान अर्धे राहते.

राजन गवस यांच्या 'चौंडकं' (१९८५) आणि 'भंडारभोग' (१९८८) या कादंबऱ्या तर या दोन वाटा एकत्र आल्याचाच पुरावा आहेत. देवदासी आणि जोगते यांच्या जीवनावरील हे लेखन गडहिंग्लज परिसरातील देवदासी प्रथाविरोधी चळवळीच्या सहवासात झाले. श्रद्धा, दारिद्र्य, लैंगिकता आणि जात यांची जी गुंतागुंत तेथे दिसते, ती केवळ कल्पनेने साधत नाही. त्यासाठी त्या माणसांत वावरावे लागते, ऐकावे लागते. आणि केवळ सर्वेक्षणानेही ती साधत नाही. कारण सोडलेल्या मुलीला प्रश्नावलीतील रकान्यात जे सांगता येत नाही ते कादंबरीत सांगता येते. समाजविज्ञान आपल्याला रचना दाखवते. साहित्य त्या रचनेत राहण्याची किंमत दाखवते. एकत्र राहू इच्छिणाऱ्या समाजाला दोन्ही गोष्टी माहीत असाव्या लागतात.

आणखी एक आक्षेप राहतो. शिकलेली माणसेही द्वेष पसरवतात. पदवीधरही जमावात असतात. मग अभ्यासाने काय साधते? हे खरे आहे, आणि म्हणूनच अभ्यास म्हणजे काय हे स्पष्ट केले पाहिजे. स्पर्धा परीक्षांच्या टिपणांतून शाहू महाराजांचे निर्णय सनावळीसह मुखोद्गत करणारा विद्यार्थी सामाजिक शास्त्रे शिकलेला असतोच असे नाही. 'खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे' या प्रश्नाला तो उत्तर देईल. परंतु व्हॉट्सअॅपवर आलेले एखादे विधान चुकीचे आहे काय, हे तपासण्याची पद्धत त्याला कोणी दिलेली नसते. अभ्यासाने माणूस सज्जन होईल, असा दावा येथे नाही. अभ्यासाने एवढेच होते, की एका व्यक्तीच्या कृत्यावरून एका समाजाविषयी निष्कर्ष काढताना मन अडखळते. 'ते सगळे असेच' या वाक्यातील 'सगळे' हा शब्द खटकू लागतो. ही अडखळ फार मोठी गोष्ट आहे. तेवढ्या वेळात दगड हातातून खाली राहू शकतो.

अर्थात अभ्यासाचा स्वतःचाही एक दोष आहे. दुसऱ्यांचा अभ्यास करताना आपण त्यांना नमुना बनवतो. पारधी, देवदासी, ऊसतोड मजूर, मोहल्ल्यातील स्त्रिया हे कायमचे अभ्यासविषय आणि आपण कायमचे अभ्यासक, अशी वाटणी झाली तर त्या ज्ञानातून सहजीवन निर्माण होणार नाही; नवी उतरंड मात्र निर्माण होईल. यावर उपाय एकच. अभ्यास स्वतःपासून सुरू झाला पाहिजे. आपल्या घरात लग्ने कोठे जमतात, आपल्या सोसायटीत भाड्याने घर कोणाला मिळत नाही, आपल्या घरातील धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा कप वेगळा आहे काय, हे प्रश्न ज्याने स्वतःला विचारले त्यालाच दुसऱ्याच्या दारात वही घेऊन जाण्याचा अधिकार पोचतो.

भाषेचाही प्रश्न आहेच. सामाजिक शास्त्रांतील उच्च संशोधन बव्हंशी इंग्रजीत होते आणि ज्यांच्याविषयी ते असते त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मराठीत ही कामगिरी करणाऱ्यांची परंपरा तुटपुंजी असली तरी तेजस्वी आहे. स. मा. गर्गे यांनी भारतीय समाजविज्ञान कोशाचे खंड संपादित केले. 'समाज प्रबोधन पत्रिके'ने दशकानुदशके गंभीर वैचारिक लेखनाला जागा दिली. कॉम्रेड गोविंद पानसरे यांची 'शिवाजी कोण होता?' ही छोटी पुस्तिका १९८८ मध्ये आली. इतिहासाचे प्रतिपादन साध्या मराठीत, सामान्य श्रोत्यापुढे, पुराव्यांसह कसे मांडावे याचा ती वस्तुपाठ आहे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि २० फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. समाजाविषयी लोकभाषेत प्रश्न विचारणे ही निरुपद्रवी गोष्ट नाही, याचे याहून भीषण प्रमाण दुसरे नसेल. ज्या शहरात हे घडले त्या शहरातील भाषा व सामाजिक शास्त्रांच्या विभागांवर त्यामुळे एक अधिकची जबाबदारी येते, असे मला वाटते.

मग करावयाचे काय? सूचना अगदी साधी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. या तरतुदीचा विनियोग वृक्षारोपणाची छायाचित्रे आणि इंटरनेटवरून उतरवून काढलेली पाने यांतच होणार असेल, तर एक संधी वाया जाईल. त्याऐवजी मराठी विभाग आणि एखादा सामाजिक शास्त्राचा विभाग यांनी मिळून प्रत्येक वर्षी एक संस्था निवडावी. एक बोर्डिंग, एक तालीम, एक दूध संस्था, एक यंत्रमागाची गल्ली, एक दर्गा, एक ग्रामसभा. विद्यार्थ्यांनी तिच्या नोंदी वाचाव्यात, माणसांशी बोलावे, त्यांची बोली जशीच्या तशी टिपून घ्यावी, आणि त्या जगाशी नाते सांगणारी एक साहित्यकृती जोडीने वाचावी. लिहिलेला अहवाल मराठीत असावा आणि ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांच्यासमोर तो वाचून दाखवावा. त्यांनी घेतलेले आक्षेप त्यात नोंदवावेत. हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्यांच्याविषयी आपण लिहितो त्यांच्यासमोर उभे राहून वाचावे लागणार आहे, हे ठाऊक असले की वाक्ये आपोआप अधिक काळजीपूर्वक आणि अधिक प्रामाणिकपणे लिहिली जातात.

असे दहा-वीस अहवाल जमले तरी कोल्हापूरचे सहजीवन सुरक्षित होईल, अशा भ्रमात राहण्याचे कारण नाही. राजकारण, बेरोजगारी आणि प्रचारयंत्रणा यांच्या ताकदीपुढे महाविद्यालयीन प्रकल्पाची ताकद ती किती! परंतु पुढच्या वेळी अफवा पसरेल तेव्हा त्या गल्लीतील शंभर घरांत प्रत्यक्ष जाऊन आलेली, तेथील माणसांची नावे ठाऊक असलेली पाच-पंचवीस मुले तरी शहरात असतील. १८९६ चे वसतिगृह फसले तेव्हा ते का फसले, हे शाहू महाराजांनी पाहिले आणि पाच वर्षांत दुसरी रचना उभी केली. त्यांचा वारसा सांगावयाचा तर तो या पाहण्याचा सांगावा.